मूळ प्रत साताऱ्याला गेली

माझ्या नणंदेच्या लग्नाचं सहा तासांचं चित्रण माझ्या सासऱ्यांनी रजिस्टरात नोंद करून, नेणाऱ्याची सही घेऊन साताऱ्याला रवाना केलं आणि त्यात त्यांची काडीचीही चूक नव्हती.

चूक माझी होती. आज तीन वर्षांनी हे मी शांतपणे लिहू शकते. त्या शनिवारी मात्र मी सोफ्याखाली, फ्रिजवर आणि (का ते विचारू नका) तूरडाळीच्या डब्यात हार्डडिस्क शोधत होते.

आम्ही इंदिरापुरमला बाराव्या मजल्यावर राहतो. पत्ता गाझियाबादचा, पण आमच्या सोसायटीत तसं कुणी सांगत नाही. सगळे 'नोएडाच्या अगदी शेजारी' म्हणतात. घरात मी, नवरा समीर, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात चौतीस वर्षं डिस्पॅचला होते. कागद आला की डायरी नंबर, गेला की डिस्पॅच नंबर आणि नेणाऱ्याची सही, हे त्यांचं आयुष्य. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसनं त्यांना शाल दिली, घड्याळ दिलं, पण सवय काही काढून घेतली नाही. आमच्याकडे इस्त्रीला कपडे गेले तरी निळ्या रजिस्टरात 'बाहेर' लिहिलं जातं आणि आले की 'आत'. शेजारच्या मल्होत्रा आंटी विरजण न्यायला आल्या तर वाटीचीसुद्धा नोंद होते आणि आंटी हसत हसत सही करतात. (मी हसायची. आता हसत नाही.)

बाबांची थोरली बहीण म्हणजे साताऱ्याच्या अक्काआत्या. बाबा पाच वर्षांचे असताना त्यांची आई गेली, तेव्हा अक्काआत्यांनीच त्यांना वाढवलं. केतकीच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या लग्नाला यायची त्यांची फार इच्छा होती. पण वय ब्याऐंशी, गुडघे धड नाहीत आणि दोन्ही डोळ्यांनी दिसणं जवळजवळ बंद. एका डोळ्याचं ऑपरेशन लग्नानंतर तीन आठवड्यांनी, मंगळवारी ठरलं होतं. दृष्टी येईल असं वाटतं, पण खात्री देत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आत्यांनी मला फोन केला.

"मृणाल, डोळ्याला पट्टी बांधायच्या आधी एकदा पोरीला नवरीच्या वेषात बघायचंय गं. नंतरचं कुणी सांगावं?"

"आत्या, मी दाखवते," मी म्हटलं. "अगदी मांडवात पहिल्या खुर्चीत बसल्यासारखं."

आता असं वचन देण्याचा मला अधिकार काय होता? तर मी नोएडातल्या एका मीडिया कंपनीत नोकरीला आहे. नातेवाइकांना वाटतं की मी फिल्म बनवते. मी शूटिंगसाठी गाड्या, जेवणाचे डबे आणि परवानग्या यांची सोय बघते. एडिटिंगशी माझा संबंध एडिटरला चहा हवा का, हे विचारण्यापुरता. पण साताऱ्यापर्यंत माझी जी कीर्ती गेली होती ती मी कधी दुरुस्त केली नव्हती, आणि ती तिथपर्यंत नेली कुणी म्हणाल, तर मीच.

मग मी हट्टानं फोर-के कॅमेरा आणला. साध्या कॅमेऱ्याच्या चौपट बारकावे, असं त्याच्या खोक्यावर लिहिलं होतं. जिला दिसत नाही तिला जास्तीत जास्त स्वच्छ चित्र दाखवायचं, असं माझं गणित. गणितात मी शाळेतही कच्ची होते.

आणखी एक गोष्ट इथेच कबूल करते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मी घाबरले की बोलते. गप्प बसून घाबरणारी माणसं मला फार भाग्यवान वाटतात. लग्नाच्या दिवशी कॅमेरा चालू आहे की नाही या धास्तीनं मी सकाळी साडेआठला तोंड उघडलं ते जेवणाची शेवटची पंगत उठेपर्यंत मिटलं नाही. मैत्रीण अनघा शेजारी होती, तिला ऐकवत होते. गुरुजी अशा वेगानं मंगलाष्टकं म्हणतायत की त्यांना बहुधा वैशालीची मेट्रो पकडायचीय. समीरचा झब्बा पोटावर बसत नाहीये, पोट झब्ब्यावर बसलंय. नवऱ्या मुलाचे काका तिसऱ्यांदा जिलबी घ्यायला आले, आता ते शेजारच्या पाहुण्याच्या ताटाकडे बघतायत. अशी सहा तास धावती कॉमेंट्री, आणि कॅमेऱ्याचा माइक माझ्या तोंडापासून एका वितीवर.

त्यातच दुपारी बाबांनी अक्काआत्यांनी केतकीसाठी पाठवलेली साडी कॅमेऱ्यासमोर धरली. मेंदी रंग, त्यावर तपकिरी वेली आणि दुधीभोपळ्याएवढाली फुलं. बाबांचा चेहरा अभिमानानं फुललेला. आणि कॅमेऱ्यामागून मी अनघाच्या कानात म्हणाले, "दिवाणखान्याच्या खिडकीला काय छान पडदा होईल नाही?"

असो.

लग्न पार पडलं. मी सगळं चित्रण हार्डडिस्कवर घेतलं, लॅपटॉपवर उघडलं, आणि लॅपटॉपनं मान टाकली. चित्र दोन सेकंद चालायचं आणि थिजायचं. केतकी हार घालायला हात वर करायची आणि हात तसाच राहायचा. पंखा असा घोंघावायचा की सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, कुकर कुणी लावला? गंमत म्हणजे आवाज मात्र अखंड चालू. चित्र थिजलेलं आणि मागून मी बोलतेय, बोलतेय, बोलतेय. मी हेडफोन लावला तो पुढचे दोन आठवडे काढला नाही.

शेवटी ऑफिसातल्या बिष्टजींना शरण गेले. बिष्टजी आमचे सर्वांत जुने एडिटर, पौडीचे, कमी बोलणारे. "मॅडम, ओरिजिनल पे एडिट कौन करता है? प्रॉक्सी बनाइए." मग त्यांनी समजावलं. मूळ फाइली जड असतात, त्या लॅपटॉपला झेपत नाहीत. म्हणून प्रत्येक फाइलची एक हलकी, थोडी धूसर प्रत करायची, तिचं नाव प्रॉक्सी. सगळी कापाकापी त्या हलक्या प्रतीवर करायची. शेवटी सॉफ्टवेअरला सांगायचं की आता धूसर बाजूला ठेव आणि त्या त्या जागी मूळ फाइल जोड. फिल्म मूळ चित्रातून निघते, स्वच्छ. "बस, ओरिजिनल संभाल के रखना," एवढं बोलून बिष्टजी चहा प्यायला लागले.

एक अख्खा रविवार लॅपटॉपनं हलक्या प्रती बनवल्या. सोमवारपासून कामाला असा वेग आला की मला स्वतःबद्दल आदर वाटू लागला. आणि आदर वाटू लागला की मला दुसऱ्यांना समजावून सांगायची खुमखुमी येते. बाबा शेजारी येऊन बसले. हे दोन-दोन फोल्डर कशाला, विचारलं. मी म्हटलं, बाबा, अगदी तुमच्या ऑफिससारखं आहे. हार्डडिस्कमध्ये आहे ती मूळ प्रत. लॅपटॉपमध्ये आहे ती ऑफिस कॉपी. आपण काम करायचं ते ऑफिस कॉपीवर.

बाबांचे डोळे लकाकले. चौतीस वर्षांत त्यांच्या कामाचा कुणी असा गौरव केला नव्हता. "म्हणजे मूळ प्रत लागतच नाही तुला?"

"हातसुद्धा लावायचा नाही तिला," मी थाटात म्हटलं.

(शेवटी लागते, हे सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं असं नाही, त्याच क्षणी कढीला उकळी आली आणि मी उठले. पुढच्या सगळ्या प्रकारात त्या कढीचाही थोडा वाटा आहे, पण तिचं नाव कुणी घेत नाही.)

फिल्म अठरा मिनिटांची झाली. सगळीकडून माझा आवाज पुसला आणि सनई घातली. आता फक्त मूळ फाइली जोडून फिल्म बाहेर काढायची होती, दोन तासांचं काम. पण मला रंग पसंत पडेनात. मग सनई पसंत पडेना. बाबा रोज विचारायचे, अक्काचं झालं का? मी रोज म्हणायची, उद्या. साताऱ्याचे जगतापसाहेब, राज्य सरकारातले अधिकारी आणि आत्यांचे शेजारी, कामासाठी दिल्लीला आले होते. कोपर्निकस मार्गावर राज्याच्या अतिथिगृहात उतरले होते आणि शनिवारी दुपारी तीनच्या गाडीनं निजामुद्दीनहून निघणार होते. त्यांच्याबरोबर पेनड्राइव्ह द्यायचा, असं माझ्या मनात पक्कं होतं. माझ्या मनात. कुणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी अकराला मी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून हार्डडिस्क काढायला कपाट उघडलं. हार्डडिस्क नव्हती. डिस्कशिवाय सॉफ्टवेअरला मूळ फाइली जोडायला सांगितल्या तर पडदाभर लाल रंग आला. दोनशे अकरा क्लिपा, सगळ्यांवर एकच शेरा: फाइल सापडत नाही. केतकी नाही, नवरा मुलगा नाही, जिलबीवाले काका नाहीत.

मी आधी समीरवर घसरले, मग कामवाल्या सरोजला फोन करून पिडलं, मग डाळीचा डबा. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, जी वस्तू घरात नाही ती कुठे असते हे यांना विचार, मी त्या रजिस्टराला हात लावत नाही.

बाबा गॅलरीत पेपर वाचत होते.

"मूळ प्रत? ती काल गेली." त्यांनी निळं रजिस्टर उघडून बोट ठेवलं. "डिस्पॅच नंबर दोनशे सात. जगताप काल जेवायला आले होते, तू ऑफिसात होतीस. बघ, सही आहे."

"बाबा, ती कशी पाठवलीत?"

"मूळ प्रत नेहमी ज्याच्या नावाची असते त्याला जाते, मृणाल. ऑफिस कॉपी आपल्याकडे राहते. तूच सांगितलंस, तुला लागत नाही." मग त्यांनी चष्मा काढला आणि हळू आवाजात म्हणाले, "तुझं उद्या उद्या चाललं होतं. अक्काचं मंगळवारी ऑपरेशन. ती साडी तिनं हातानं चाचपून निवडली गं, रंग तिला दिसतच नाहीत आता. म्हटलं, निदान पोरीचं लग्न तरी डोळ्यांसमोरून जाऊ दे तिच्या."

इतका वेळ मला फक्त अठरा मिनिटांच्या फिल्मची चिंता होती. आता डोक्यात प्रकाश पडला. डिस्कवर फिल्म नव्हतीच. डिस्कवर सहा तासांचं कच्चं चित्रण होतं, सनई न घातलेलं, आवाज न पुसलेलं. त्यात कुठेतरी बाबा साडी धरून उभे होते आणि मी खिडकीचं माप घेत होते. आणि ते सगळं, चौपट बारकाव्यांसह, त्या साडीवरून हात फिरवणाऱ्या म्हातारीकडे निघालं होतं. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

जगतापसाहेबांचा फोन बंद. मी चपला घातल्या, ई-रिक्षानं वैशाली गाठलं आणि मेट्रोत चढले. तिथून समीरला फोन केला.

"समीर, मी कॅमेऱ्यामागून बोललेय."

"काय बोललीस?"

"सगळं."

त्यानं विचारलं, "माझ्याबद्दलही?" मी म्हटलं, तुझं पोट हा या क्षणी सर्वांत छोटा प्रश्न आहे. (मेट्रो यमुनेच्या पुलावर आली तेव्हा सुचलं की हलक्या प्रतींवरूनच धूसर का होईना फिल्म काढून पेनड्राइव्हवर बरोबर घेता आली असती आणि जगतापांना म्हणता आलं असतं की ते द्या, हे घ्या. पण घाबरलेल्या माणसाला अक्कल नेहमी एक स्टेशन उशिरा येते.)

मंडी हाउसला उतरून धावतच कोपर्निकस मार्गावर गेले. अतिथिगृहात पिठलं-भाकरीचा वास सुटलेला. काउंटरवरच्या काकांनी सावकाश रजिस्टर उघडलं. जगभर रजिस्टरच आहेत, असं मला त्या दिवशी वाटलं. साहेब जेवून गेले, दहा मिनिटं झाली, आणि ताई, तुम्ही पाणी घ्या आधी, तुमचा चेहरा बरा दिसत नाही.

रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, निजामुद्दीन, जल्दी, बहुत अर्जंट है." त्यानं विचारलं, "कोई बीमार है?" मी म्हटलं, "अभी नहीं."

प्लॅटफॉर्मवर गाडी लागलेली. डब्यावरच्या याद्या वाचत वाचत मी जगतापसाहेबांना गाठलं तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी होती. ते खिडकीशी बसून संत्रं सोलत होते. बर्थवर शेजारी खाकी कागदात बांधलेलं, दोरा गुंडाळलेलं, लाखेचं सील लावलेलं पाकीट. बाबांच्या अक्षरात: 'मूळ प्रत. सौ. अक्का यांस. जपून.'

मी दम खात सांगितलं की हे मला परत हवंय, फिल्मसाठी लागतंय. जगतापसाहेब भला माणूस. त्यांनी मला संत्र्याची फोड दिली. पाकीट दिलं नाही.

"ताई, माझं काही म्हणणं नाही, पण मी सही केलीय. तुमच्या सासऱ्यांचं पत्र आणलंय का?"

पत्र कुठलं? फोन करा म्हटलं. त्यांनी फोन चालू केला, बाबांना लावला. मग दोन सरकारी माणसं गाडी सुटायच्या वेळेला एकमेकांशी नियमानं बोलू लागली. एकदा रवाना झालेली वस्तू अर्ध्या वाटेवरून परत घेता येते का? बाबांच्या मते येते, पण जिच्या नावे आहे तिची संमती हवी. म्हणजे अक्काला विचारायला हवं. कारण काय लिहायचं? फोन माझ्या हातात आला.

"कारण सांग मृणाल," बाबा म्हणाले. "अगदीच अडलं असेल तर मी अक्काला सांगतो, तू नको बघूस, थांब थोडी."

आता काय सांगणार? बाबा, तुमची बहीण ज्या साडीवर बोटं फिरवत बसली तिला मी पडदा म्हणाले, हे प्लॅटफॉर्मवर उभं राहून? आयुष्यात पहिल्यांदा मी घाबरले आणि गप्प बसले. नेमकी त्या दिवशी. तेवढ्यात गाडी हलली, जगतापसाहेबांनी खिडकीतून हात जोडले आणि काळजी करू नका, अगदी जपून नेतो म्हणाले.

रविवारी संध्याकाळी पाकीट साताऱ्याला पोचलं. बाबांनी रजिस्टरात 'पोच मिळाली' लिहिलं. मी आत्यांच्या सुनेला, वंदनावहिनींना गुपचूप फोन केला आणि सांगितलं की त्या डिस्कमधला आवाज बिघडलाय, कानाला त्रास होतो, तेव्हा आवाज बंद ठेवूनच दाखवा.

"अगं, उलटंच झालंय," वहिनी म्हणाल्या. "आवाज खणखणीत आहे. चित्रच अडकतंय. टीव्हीला लॅपटॉप जोडलाय, त्याला ते झेपत नाही वाटतं. दोन मिनिटं हलतं आणि थिजतं. आवाज मात्र छान चालू राहतो. आणि आत्यांना तसंही ऐकण्यावरच भिस्त ठेवावी लागते ना. उद्या दुपारचा चहाही तिथेच घेणार म्हणाल्यात, आणि मधे कुणी बोलायचं नाही."

मी फोन ठेवला. चित्र थिजलेलं आणि मी बोलतेय, बोलतेय. सहा तास. बिष्टजींची प्रॉक्सी साताऱ्याला नव्हती. तिथे माझ्या तोंडाची मूळ प्रत चालू होती.

सोमवार कसा गेला ते मलाच माहीत. ऑफिसात मी एका शूटिंगला चाळीसऐवजी चारशे डबे सांगितले. संध्याकाळी साडेसहाला बाबांचा फोन वाजला. त्यांनी पाच मिनिटं नुसतं हं हं केलं, एकदा डोळे पुसले आणि फोन माझ्यासमोर धरला. अक्काला तुझ्याशी बोलायचंय.

मी फोन दोन्ही हातांनी धरला. आत्यांना आधी खोकला आला, आणि तो संपेपर्यंत मी मनातल्या मनात तीनदा माफी मागून घेतली.

"मृणाल, सगळं लग्न बघितलं हो मी."

"आत्या, ते चित्र अडकत होतं म्हणे..."

"अडकायचं तेच बरं झालं. हलतं असतं तर मला कुठलं दिसायला? ते थांबायचं, मग मी उठून टीव्हीला नाक लावायची आणि निवांत बघायची. पोर हार घालताना हात वर करून थांबली होती, दहा मिनिटं बघत होते तिच्याकडे. आणि कोण कुठे बसलंय, कोण किती जेवतंय, ते तू सांगतच होतीस. त्या जिलबीवाल्या गृहस्थांची साखर तपासून घ्यायला सांग." मग जरा थांबून म्हणाल्या, "उद्या पट्टी बांधली आणि पुढे नाही काही दिसलं तरी चालेल मला. माझं लग्नाला येऊन झालं."

मला रडू फुटलं. मी काहीबाही म्हणाले, त्यांनी हसून फोन ठेवला. साडीचं अवाक्षर नाही. त्या चहा घ्यायला उठल्या असतील, झोपल्या असतील, ऐकलंच नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तीन दिवसांनी प्रथमच पोटभर जेवले.

ऑपरेशन छान झालं. महिन्याभरानं जगतापसाहेब पुन्हा दिल्लीला आले आणि दोन वस्तू घेऊन आले. एक माझी हार्डडिस्क, त्याच खाकी कागदात. दुसरं एक जाडजूड पार्सल. बाबांनी दोन्हींची 'आत' नोंद केली, चष्मा लावला आणि पार्सलातलं पत्र दिवाणखान्यात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला घेतलं. मोठ्या, ठळक अक्षरांत लिहिलं होतं, त्यामुळे ते अडखळलेसुद्धा नाहीत.

'चि. सौ. मृणालला अनेक आशीर्वाद. पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा वंदनाच्या फोनवर केतकीचे फोटो पाहिले. त्यात ती साडी पाहिली. तुझं अगदी बरोबर होतं. ते पडद्याचंच कापड आहे. केतकीला म्हणावं, नेसली त्याबद्दल तिचं कौतुक आहे. त्याच दुकानातून तसंच कापड घेऊन पाठवते आहे, या वेळी डोळ्यांनी बघून घेतलं. खिडकीचं माप माहीत नव्हतं म्हणून थोडं मोठंच शिवलं आहे.'

बाबांनी पत्र खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. समीर आणि सासूबाई खिडकीकडे बघत होते. मी जमिनीकडे. मग बाबांनी रजिस्टर पुढे ओढलं, 'पडदे, दोन, मेंदी रंग, मूळ प्रत' असं लिहिलं आणि माझ्यापुढे पेन धरलं. मी मुकाट्यानं सही केली.

पडदे त्याच संध्याकाळी लागले. मूळ प्रत असल्यामुळे ते काढायला बाबांची परवानगी नाही. मल्होत्रा आंटींना ते इतके आवडले की त्यांनी दुकानाचा पत्ता मागितला.

आता डिस्क हातात आल्यावर मी ती अठरा मिनिटांची फिल्म पूर्ण केली. धूसर प्रती बाजूला, मूळ फाइली जागच्या जागी, लाल रंग कुठेही नाही. चित्र आरशासारखं स्वच्छ. बिष्टजींनी बघून मान हलवली, म्हणजे फारच आवडली. मी ती साताऱ्याला पाठवली आणि नव्या डोळ्यांनी आत्या काय म्हणतात याची वाट पाहत बसले. दोन दिवसांनी फोन आला. चित्र सुंदर आहे, म्हणाल्या, फूल न् फूल दिसतं. पण तू कुठेच बोलत नाहीस, त्यामुळे कोण कोण आहे आणि काय चाललंय ते काही कळलं नाही. तेवढा तुझा आवाज घालून पाठव.

तेव्हापासून मी सवड मिळेल तेव्हा त्या मेंदी पडद्यापाशी माइक घेऊन बसते. बाबा, समीर, सासूबाई सगळे ऐकतायत, म्हणून सगळ्यांबद्दल चांगलंच बोलायचं असं ठरवलंय. फिल्म अठरा मिनिटांची आहे, तीन वर्षं झाली, आणि माझं चांगलं बोलणं अजून चाळीस सेकंदांच्या पुढे गेलेलं नाही.